वंटमुरीच्या चढाला पाय दाबला की गाडी मान टाकते

उद्यमबागचा_टर्नर

नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरनं पेट्रोल). कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. घातलं की उत्तर बाजूला राहतं आणि कुणाची कंपनी भारी यावर चार पानं भांडण होतं. केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, बाबांनी घेतलेली, १,३८,००० किलोमीटर झालेत.

त्रास असा. गावात फिरवताना काहीच नाही. रोज खानापूर रोडनं कामाला जातो, एका चावीत चालू होते. हायवेला सपाटीवर ऐंशीनं निवांत जाते. खरं चढावर तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की तीन-चार सेकंद ओढते आणि मग नरडं आवळल्यागत गुदमरते. पाय थोडा वर घेतला की परत जीव येतो. जास्त मागितलं की कमी देते!

गेल्या रविवारी संकेश्वरहून येताना वंटमुरी घाटात उसाचा ट्रॅक्टर पुढं, दोन ट्रॉल्या. उजवीकडं घेतलं, पाय दाबला, बरोबर ट्रॉलीच्या शेजारी आल्यावर गाडीनं मान टाकली. मागं ट्रक, त्याचा हॉर्न थांबेना. डावीकडं ऊस, उजवीकडं दुभाजक. मागच्या सीटवरनं आई म्हणाली, "बाबा असताना असं कधी केली नव्हती रे ही." ते जास्त लागलं.

आतापर्यंत प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर बदलले. एका गॅरेजात इंजेक्टर क्लीनिंगचे १,८०० रुपये घेतले, फरक शून्य. मग तिथंच म्हणाले इंजिन काम आलंय. मी कॉम्प्रेशन बघायला लावलं, चारही सिलिंडर १७० ते १७५ पीएसआय. मग इंजिन कशाला उघडायचं? चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर पेटतो आणि विझतो, म्हणजे बल्ब शाबूत आहे, तक्रार मात्र काही दाखवत नाही.

शहापूर_पेठ

वीस वर्षांच्या वर झाली. विका की राव. आईला नवीन गाडीतनं फिरवा.

निपाणीचा_मेस्त्री

विकायचं काय, आधी बघा तरी.

टर्नर भाऊ, एक सांगा. गुदमरताना इंजिनचा आवाज वर जातोय आणि गाडी मागं राहतीय, का आवाजच बसतोय? आवाज वर पळत असेल तर क्लच घसरतोय, बाकी काही बघू नका.

आवाज बसत असेल तर मला पेट्रोलचा उपास दिसतोय. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, चमचाभर पेट्रोल लागतं, पंप अर्धा मेलेला असला तरी तेवढं देतो. चढावर तांब्याभर मागितलं की उघडं पडतं. फ्युएल फिल्टर कधी बदलला? प्लग-वायरींची यादी दिलात, त्यात फिल्टर दिसला नाही. हल्ली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सुटा करतं आणि फिल्टरात आणून घालतं. अशा तीन गाड्या मी ह्या वर्षात बघितलो. आपल्याच शिवारातला ऊस, आपल्याच गाडीच्या नरड्यात.

खरं अंदाजानं फिल्टर बदलू नका. प्रेशर मोजा. आणि गॅरेजात उभ्या गाडीवर मोजून उपयोग नाही, घाटात मोजा. गेजला लांब होज लावायची, बॉनेटच्या फटीतनं बाहेर काढायची आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवायचा. आत घेऊ नका, होज सुटली तर पेट्रोल मांडीवर येईल. काचेमागं एकानं वाचत बसायचं, चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा.

तुमच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारा पाइप) प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्युमची बारीक नळी असेल तर आयडलिंगला प्रेशर थोडं कमी दिसेल आणि पाय दाबल्यावर वाढायला पाहिजे. वाढायच्या जागी पडलं, तर चोर सापडला.

चिक्कोडी_तेवीस

मेस्त्री म्हणतात ते बरोबर, तरी सायलेन्सर विसरू नका. माझ्या भावाच्या गाडीत एक प्लग महिनाभर मिस मारत होता, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरात (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटलं आणि आतली जाळी वितळून गोळा झाली. लक्षण अगदी हेच. आम्ही पंप बदलला, कॉइल बदलली, शेवटी कळलं की धुराला बाहेर पडायला वाटच नाही.

इंजिनची हवेची ओढ मोजणारा व्हॅक्युम गेज लावा. इंजिन गरम करून अंदाजे अडीच हजार आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर पुढं वाट बंद आहे. आणि पुस्तकातले आकडे समुद्रकाठचे असतात. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, म्हणून तुमच्याकडं अडीच इंच कमीच दिसणार. त्यावरनं घाबरून वॉल्व्ह उघडू नका.

उद्यमबागचा_टर्नर

मेस्त्री, आवाज बसतोय. आरपीएमचं मीटर ह्या गाडीला नाही, खरं लेथवर २४ वर्षं काढली, मशीन लोडला बसलेली कानाला कळते. क्लच नाही.

चिक्कोडीकर, व्हॅक्युम बघितलं. आयडलिंगला १७ इंच, धरून ठेवल्यावर १९, काटा जागचा हलला नाही. सायलेन्सर सुटला.

प्रेशरचा गेज जोडायला बाजारात मिळणारा टी (तीन तोंडांचा जोड) माझ्या पायपाला बसेना. दुपारच्या सुट्टीत पितळेचा रॉड घेऊन स्वतःच काढला. साहेब बघून गेले, काही बोलले नाहीत. गेज ० ते ७ बारचा. सकाळी सहाला हत्तरगीपर्यंत गेलो, वळलो आणि घाट चढलो. शेजारी भाचा, मोबाइलवर काचेचं शूटिंग करत.

इंजिन बंद, चावी दिली तेव्हा २.९ बार. आयडलिंगला २.४. चढाला पाय पूर्ण दाबला तर आधी २.७ वर गेला आणि मग उतरत उतरत १.५. त्याच वेळी गाडी गुदमरली. भाचा ओरडला, "मामा, पडलं पडलं!" त्याला वाटलं गेजच पडला.

फिल्टर बदलला. जुना उलटा झटकला तर चहासारखं पाणी. लई खूश झालो. दुसऱ्या दिवशी परत घाट, आणि १.९. बरं झालं, पुरं नाही. आता पंप घेऊ का? चार हजारांच्या पुढं सांगताहेत. गोकाकचा एक ओळखीचा मेकॅनिक तर गाडी न बघताच म्हणाला, "पंप होगेती री." म्हणजे पंप गेलाय.

निपाणीचा_मेस्त्री

थांबा थांबा. पंप जाईल तेव्हा जाईल, आधी त्याला पोटभर करंट मिळतोय का बघा. मागची सीट उचला. पंपाच्या वायरींचा प्लग न काढता, इंजिन चालू ठेवून, मीटरच्या सुया वायरीच्या मागनं घाला. प्लग काढून मोजलात तर १२ दाखवेल आणि फसाल, कारण ओझं नसताना गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो बंद करा, मग मीटर.

प्लसकडं किती पडतंय, अर्थिंगकडं किती पडतंय, दोन्ही वेगळं लिहा. तोपर्यंत घाटात पाय दाबणं बंद. कमी पेट्रोलवर ओझं ओढलं की मिश्रण पातळ होतं आणि वॉल्व्ह, पिस्टन तापतात. तुमचं कॉम्प्रेशन चांगलंय, तेवढं सांभाळा.

उद्यमबागचा_टर्नर

मेस्त्री, पाय कुठं आहेत तुमचे?

बॅटरीवर १३.८, पंपावर १०.९. प्लसच्या बाजूला फक्त ०.३ पडतंय, अर्थिंगला २.६! काळी वायर शोधत गेलो तर डिकीत मॅटखाली बॉडीला बोल्टनं धरलेली. बोल्ट दिसतच नव्हता, गंजाचा ढेकूळ. आणि त्यावर पिवळं काहीतरी. आधी वाटलं गंजाचाच रंग, बोटावर घेतलं तर भंडारा. सौंदत्तीच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा आईची पिशवी तिथंच ठेवलेली. ओल्या मॅटवर सांडला आणि बसला.

बोल्ट कापावा लागला. पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी कडी) क्रिंप करून बसवला, वरनं व्हॅसलीन. लग, बोल्ट मिळून ४० रुपये. फिल्टरचे वेगळे. पंपावर आता १३.४.

आज घाट चढलो. पूर्ण पाय, तिसरा गिअर, काटा २.९ वर. वर काकतीपर्यंत पाय उचलला नाही. ट्रॅक्टर एकही भेटला नाही, नेमका आज.

शहापूर_पेठ

माझा शब्द मागं घेतो. विकायची झाली तर आधी मला सांगा.

निपाणीचा_मेस्त्री

व्हॅसलीन लावलात चांगलं केलात. खरं डिकीत पाणी आलं कुठनं? भंडाऱ्यानं गंज चढत नाही. मागच्या लाइटांची रबरं काढून बघा आणि डिकीत एकाला टॉर्च देऊन बसवून बाहेरनं पाइपनं पाणी मारा. नाहीतर दोन पावसाळ्यांत परत घाटात उभे राहाल. आणि टाकी रिझर्व्हवर चालवायची सवय असली तर सोडा, पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं.

उद्यमबागचा_टर्नर

रिझर्व्हचं कसं ओळखलात? दर खेपेला पाचशेचंच घालतो.

डाव्या लाइटचं रबर फाटलेलं निघालं. डिकीत भाच्याला बसवलं होतं, तो आता माझ्याशी बोलत नाही.