कॉमिकची पात्रं काढताना स्टॅबिलायझर हवाच कशाला?

दौत_टाक
हल्ली नवीन मुलं डिजिटल कॉमिक काढायला बसली की आधी स्टॅबिलायझर पार टोकाला नेऊन ठेवतात. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी क्लिप स्टुडिओत तो 100 पर्यंत जातो, प्रोक्रिएटमध्ये त्याचं नाव स्ट्रीमलाइन, क्रिटातही आहेच. तो करतो काय, तर पेन जिथून जिथून गेलं त्या बिंदूंची सरासरी काढतो आणि रेघ पेनाच्या मागून ओढत आणतो. हात थरथरलेला दिसत नाही, हे खरं. पण त्या सरासरीत कोपरेही वाहून जातात. नाकाचा शेंडा, सदऱ्याची चुणी, मुडपलेला गुडघा, जिथे रेघ कचकन वळायला हवी तिथे ती गुळगुळीत होऊन येते. पात्रं रबरी दिसतात. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची अमर चित्रकथेतली जुनी पानं काढून बघा. रेघ कुठे जाड होते, कुठे निमुळती होत संपते, ते नीट बघा. शिकणाऱ्याने निदान पहिलं वर्षभर स्टॅबिलायझर शून्यावर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी
साफ असहमत. कागदाला खरखर असते, ती पेन धरून ठेवते. टॅबची काच निसरडी. तिथे 10-15 चा आधार घेतला तर कुठलं पाप लागतं? शाईवाल्यांच्या टेबलावरही पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली असायचीच की, चुकलं की झाकायला.

रेघ मरते ती झूममुळे. 400 टक्के मोठं करून डोळ्याची पापणी काढायची, मनगटाने, तुकड्या-तुकड्याने. मग पूर्ण पान बघितलं की पापणी आणि जबडा दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे. अख्खी आकृती पडद्यावर मावेल एवढंच मोठं करा, कोपरापासून हात फिरवा. स्टॅबिलायझर बंद करून हे येत नाही.

खारुताई
माझ्या हाताला कंप आहे. शून्यावर ठेवलं तर मी चित्र काढणंच सोडून देईन. वर्षभराचे नियम घालताना एवढं लक्षात असू द्या.

दौत_टाक
खारुताई, तुमच्यासाठी नियम नाहीच, माझा रोख धडधाकट हातांवर आहे. झूमचं म्हणणं पटलं. पण दहावरून सुरू झालेले लोक महिनाभरात साठवर जातात, हे मी क्लासमध्ये रोज बघतो.

रंगारी_बाबू
तुम्ही दोघं रेघेवर भांडताय. मी दुसऱ्यांची पानं रंगवतो, म्हणून खालच्या मजल्यावरून सांगतो.

आधी फ्लॅट्स. केस, कातडी, कपडे, प्रत्येकाला सपाट रंग. त्यासाठी रेघेचा लेयर (चित्राचा वेगळा थर) रेफरन्स करायचा, म्हणजे रंग त्याच रेघांशी थांबतो, बादली (आकारात एका टिचकीत रंग भरणारं साधन) घ्यायची, अँटी-एलियसिंग (कडा मऊ करणं) बंद, आणि भरलेला रंग एक-दोन पिक्सेल रेघेखाली सरकवायचा, नाहीतर कडेने पांढरी किनार राहते. मग त्यावर क्लिप केलेला, म्हणजे खालच्या रंगाबाहेर न जाणारा, मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा) आणि सावल्या. (इथे परदेशी ट्युटोरियल बघून सगळे फिकट जांभळा घेतात. गोऱ्या कातडीवर तो खुलतो, आपल्या सावळ्या पात्रावर राख फासल्यासारखा दिसतो. तांबूस तपकिरी घ्या.) आणि पान छापायचं असेल तर पडद्यावरच्या झगझगीत हिरव्या-निळ्यावर भाळू नका. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तो रंग उतरतच नाही, मळका होऊन येतो.

आता मुद्दा. बादली चालते ती बंद आकारात. दौत_टाक म्हणतात तशी जिवंत, मध्येच सुटणारी रेघ आली की हनुवटीचा रंग गळून थेट पार्श्वभूमीत जातो. फट बुजवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती बारीक फटीपुरती. म्हणून आम्हीच चित्रकाराला सांगतो, बाबा, रेघा बंद कर. आणि बंद, एकसारखी रेघ झटपट काढायची तर तो स्टॅबिलायझर वाढवणारच. तुम्ही आळस म्हणता ती निम्मी आमची मागणी आहे.

रात्रपाळी
हे मान्य केलंत ते बरं झालं. माझ्या पानावर बटांच्या सुटलेल्या रेघा होत्या, त्या 'क्लीन' करून मागितल्या गेल्या. बटा गेल्या, टोप आला.

दौत_टाक
म्हणजे बादलीच्या सोयीसाठी चित्र बदलायचं? लॅसोने भरा ना. हाताने आकार घेरायचा, आत रंग. रेघ कितीही सुटी असली तरी काही अडत नाही, उलट रंगाची कडही कुणाच्या तरी नजरेतून ठरते.

रंगारी_बाबू
लॅसोने सुंदरच होतं, वाद नाही. पण एका पानावर सहा चौकटी, चौकटीत तीन-चार माणसं, मागे बाजार. मला पैसे पानामागे मिळतात, तासामागे नाही. मुखपृष्ठ असेल तर लॅसो घेतो, आतल्या पानांना बादलीच.

खारुताई
मधला मार्ग आहे. मी वरच्या लेयरवर सुटी रेघ ठेवते आणि खाली बादलीसाठी वेगळ्या लेयरवर बारीक बंद रेघ काढते. रेफरन्स त्या खालच्या लेयरला लावायचा, रंग भरून झाला की तो लपवायचा. स्टॅबिलायझर हवा तेवढा खालच्या रेघेला लावा, ती कुणाला दिसणार आहे?

दौत_टाक
हे आवडलं. पुढच्या बॅचला हेच दाखवतो.

रंगारी_बाबू
युक्ती चांगली. फक्त ती खालची रेघ चित्रकार काढणार की मी, हे काम घेतानाच ठरवा. माझ्याकडे आली तर पानाचा दर वाढेल.