पांढरी बर्गंडी: मुरू द्यावी की वेळेत संपवावी?

तळघरातला
गेल्या शनिवारी दिजोंला मित्राकडे जेवायला गेलो होतो. साय आणि मोरेल अळंबी घातलेली कोंबडी, नंतर कोंते चीज. तळघरातून त्याने २०१० ची मर्सो पेरिएर आणली, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या मर्सो गावच्या पेरिएर मळ्याची पांढरी वाइन. पेरिएर म्हणजे दगडखाणी. त्या उतारावर पूर्वी दगड काढत, म्हणून हे नाव. पहिला घोट गप्पच होता. मित्र म्हणाला, "थांब, तिला श्वास घेऊ दे." पाऊण तासाने भाजलेला हेझलनट, मध, लिंबाची साल असं एकेक वर येऊ लागलं, आणि आंबटपणाची धार मात्र तशीच. बाटली संपेपर्यंत आम्ही दुसऱ्या कशावर बोललोच नाही.

माझं ठाम मत: चांगली पांढरी बर्गंडी दहा वर्षांच्या आत उघडणं म्हणजे कैरी खाऊन हापूसची चव सांगणं. ती ज्या द्राक्षाची बनते, त्या शार्दोनेला स्वतःचा वास बेताचाच. कोवळ्या वयात पिंपाचं ओक पुढे येतं, जमीन मागाहून बोलते.

शाब्लीप्रेमी
अजिबात सहमत नाही. नामांकित उत्पादकाच्या २००५ च्या सहा बाटल्या मी नीट थंडाव्यात ठेवल्या होत्या. नवव्या वर्षी उघडायला घेतल्या, तर तीन तपकिरी, कापून ठेवलेल्या सफरचंदाच्या काळ्या फोडीसारख्या. उरलेल्या तीन सुंदर. पेटी एक, वर्ष एक! साधारण १९९५-९६ च्या वाइनपासून हे अकाली ऑक्सिडेशन, म्हणजे हवेने वेळेआधी बिघडणं, बर्गंडीच्या मागे लागलं आहे. याला मुरणं नाही, जुगार म्हणतात. सहाव्या वर्षी फळही असतं, धारही असते. तेव्हा प्या.

मेथीदाणा
त्या बिघडलेल्या बाटल्यांत मेथीचा वास आला होता का? सोटोलोन नावाचं संयुग आहे. मेथीच्या दाण्याला मुख्यतः त्याचाच वास असतो, आणि ऑक्सिडेशन झालेल्या पांढऱ्या वाइनमध्येही ते तयार होतं. मेथीची फोडणी ऐकत वाढलेल्या आपल्या नाकाला तो चटकन कळतो.
बुचातून हवा शिरते हे खरं, पण कारणाचं खापर एकट्या बुचावर फोडू नका. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचं प्रमाण कमी केलं गेलं, पिंपाच्या तळाचा यीस्टचा गाळ वारंवार ढवळला गेला, द्राक्षं फार हळुवार दाबली जाऊ लागली. या सगळ्यांकडे बोट दाखवलं गेलं आहे.

तळघरातला
@शाब्लीप्रेमी, तुमचं नुकसान खरं आहे, तीन बाटल्या ओतून देताना काय वाटलं असेल ते कळतं. पण तुमचा अनुभव २००५ च्या वाइनचा आहे. त्यानंतर कित्येकांनी बुचाचा भुगा करून, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने धुऊन बनवलेली डियामची बुचं घेतली. लफ्लेव्हसारखं बर्गंडीतलं नामांकित वाइन घराणंही २०१४ च्या वाइनपासून तिकडे वळलं. त्यामुळे बाटल्याबाटल्यांतला फरक खूप आटोक्यात येतो.

पुणेकर_वाइन
तळघर असेल तर हा वाद. माझ्या फ्लॅटमध्ये एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वाइनचं कपाट नसेल तर इथे दहा वर्षं ठेवण्याचा विचारही करू नये. आणली की त्याच हिवाळ्यात उघडावी.

तळघरातला
तुमच्या बाबतीत पूर्ण मान्य. बारा-तेरा अंशांची स्थिर जागा नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

शाब्लीप्रेमी
बुचं सुधारली असतील, पण तुम्ही सांगताय ती २०१४ ची वाइन दहा वर्षांची होऊन फार दिवस झाले नाहीत. वीस वर्षांचा दाखला अजून कुणाकडे आहे? शिवाय प्रीमिए क्रूच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्यांतल्या वाइनच्या, किमती पाहता एक बाटली वाया जाणंही मला परवडत नाही. आणि शिंपल्यांबरोबर चार वर्षांची शाब्ली, म्हणजे उत्तर बर्गंडीतली शार्दोनेची वाइन, घेतली, की तिथे हेझलनट हवंय कुणाला? मीठ आणि चुनखडीच हवी.

मेथीदाणा
मग दोघांनी मधला मार्ग घ्या. सहाव्या वर्षी पेटीतली एक उघडा, रंग बघा. फिकट असेल तर बाकीच्या ठेवा. गडद सोनेरी झाली असेल तर त्याच महिन्यात मित्रांना जेवायला बोलवा.

शाब्लीप्रेमी
हे पटतं. माझ्याकडे २०१४ ची एक पुलिन्यी (मर्सोशेजारच्या गावची पांढरी बर्गंडी) उरली आहे, दिवाळीला बहीण येईल तेव्हा काढतो. चांगली निघाली तर इथे लिहीन. पुढची पेटी मात्र मी सहा वर्षांपलीकडे नेणार नाही.