जानेवारीची मोजणी: पहाटे कोण कोण येणार?

प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
६ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमाची मेल वेगळी येईलच. ही दुसऱ्या कामाची आहे, शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

या महिन्याच्या अखेरीस सांता क्लारा काउंटीत, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या आपल्या जिल्ह्यात, बेघर माणसांची मोजणी आहे. २०२३ मध्ये आपल्यातले आम्ही चौघं गेलो होतो. यंदा किमान बाराजण हवेत, म्हणजे तीन-तीनचे चार गट होतील.

ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं, ज्याला इथे सगळे 'हड' म्हणतात, जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत देशभर ही गणना करून घेतं. निवाऱ्यांमधल्या माणसांची दरवर्षी होते. रस्त्यावर, गाडीत, तंबूत झोपणाऱ्यांची निदान एक वर्षाआड, विषम वर्षी करावीच लागते. २०२१ मध्ये कोविडमुळे आपल्या काउंटीत ती झाली नाही, २०२२ वर गेली. त्या वर्षी १०,०२८ माणसं मोजली गेली, २०२३ मध्ये ९,९०३. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश माणसं निवाऱ्याबाहेर होती. देशाचा २०२४ चा आकडा नुकताच आलाय : ७,७१,४८०. आदल्या वर्षी तो ६,५३,१०४ होता. मोजणी सुरू झाल्यापासून इतका मोठा आकडा कधीच आला नव्हता, आणि त्यातले १ लाख ८७ हजार आपल्या कॅलिफोर्नियात आहेत.

काम असं असतं. उजाडायच्या आत ठरलेल्या जागी जमायचं. आपल्या वाटणीचा नकाशा फोनवर येतो. सोबत एक वाटाड्या असतो, जो स्वतः कधीतरी रस्त्यावर राहिलेला असतो किंवा अजून राहतो. त्याला या कामाचा मोबदला मिळतो, आणि तो मिळायलाच हवा, कारण त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. नकाशातला एकेक रस्ता पायी किंवा गाडीनं पालथा घालायचा. माणूस दिसला, तंबू दिसला, मुक्कामाची गाडी दिसली की ॲपवर नोंद. कुणाला उठवायचं नाही, तंबूवर बॅटरी मारायची नाही, फोटो काढायचा नाही.

यंदा १८ पूर्ण झालेल्यांनाच आपल्या गटांत घेऊ. कोण येणार ते कळवा.


प्रेषक: सभासद, कुपर्टिनो
७ जानेवारी

ताई, मी येईन. पण मनात आलेलं विचारतो.

पेशानं मी आकडेवारीतला माणूस. एका पहाटे, अंधारात, हौशी लोकांनी लांबून बघून केलेल्या मोजणीवर किती विसंबायचं? झाडीत झोपलेला दिसणार नाही. रात्रभर चालत राहिलेला, पहाटे बसमध्ये बसलेला सुटणार. ज्या २२ नंबरच्या बसनं आपली मुलं एल कमिनो या हमरस्त्यावरून कॉलेजला जातात, तीच बस रात्रभर चालते म्हणून कित्येक वर्षं माणसं पालो आल्टो ते ईस्टरिज आणि परत अशा फेऱ्या मारत तीत झोपत आली आहेत. त्यांचं काय? आणि चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट ठरू शकतो. कमी आकडा दाखवून उद्या कुणी म्हणेल, प्रश्न सुटत आलाय.


प्रेषक: सभासद, मिलपिटस
७ जानेवारी

आम्ही दोघंही येऊ. जाताना थर्मासमध्ये चहा आणि पोळीभाजीची पाकिटं नेली तर? एवढ्या थंडीत नुसतं मोजून परत यायचं हे मला कसंतरीच वाटतं. घरी चार-पाच न वापरलेल्या चादरीही आहेत.


प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
८ जानेवारी

दोघांनाही उत्तर देते. थोडं लांबेल.

कुपर्टिनोचे दादा, तुमची शंका खरी आहे. ही मोजणी कमीच भरते. हे मोजणारेही जाणतात आणि अहवालातही लिहितात. न्यूयॉर्कवाल्यांनी यावर एक उपाय केलाय, तो तुम्हाला आवडेल. तिथे मोजणीच्या रात्री काही माणसं मुद्दाम बेघर म्हणून ठिकठिकाणी पेरून ठेवतात. मोजणाऱ्यांना ती कोण हे माहीत नसतं. सकाळी बघायचं, पेरलेल्यांपैकी किती जण मोजणाऱ्यांना सापडले. जितके सुटले त्या प्रमाणात खरे बेघरही सुटले असणार, असा हिशेब. आपल्याकडे तसं होत नाही. आपल्याकडे वाटाड्यांचं ज्ञान आणि नंतरच्या आठवड्यांत होणारी सविस्तर मुलाखतींची पाहणी यांच्यावर भिस्त असते.

जानेवारी का, तेही ऐका. थंडीत जास्तीत जास्त माणसं निवाऱ्यात असतात आणि तिथली मोजदाद पक्की करता येते. महिनाअखेर अशासाठी, की भत्त्याचे पैसे तोवर संपलेले असतात आणि ज्यांना दोन-चार रात्री मोटेलचं भाडं परवडलं होतं तेही बाहेर आलेले असतात.

यंदा आणखी एक अडचण आहे. गेल्या जूनमध्ये ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करायला शहरांना राज्यघटनेची आडकाठी नाही. पुढच्याच महिन्यात आपल्या गव्हर्नरांचा तंबू हटवण्याबद्दलचा आदेश आला. हुसकावलेला माणूस नाहीसा होत नाही, तो आणखी आत सरकतो. २०१४ च्या डिसेंबरात सॅन होजेत कोयोटी क्रीककाठची 'जंगल' नावाची वस्ती उठवली, तेव्हा त्यातली कितीतरी माणसं त्याच ओढ्याच्या वर-खाली पांगली. म्हणून यंदा आपल्याला जास्त बारकाईनं बघावं लागेल.

आणि आकडा कमी भरतो म्हणून तो सोडून द्यायचा का? राज्याचा बेघरांसाठीचा मोठा निधी काउंट्या आणि शहरांना वाटताना हाच आकडा धरतात. जो आपल्या नकाशात सुटला, त्याच्या वाटणीचा पैसा काउंटीत येतच नाही. माझ्या दृष्टीनं एवढं कारण पुरेसं आहे.

मिलपिटसच्या वहिनी, तुमचं मन मला कळतं, पण त्या पहाटे वाटप नको. चहाचा घोट द्यायचा म्हणजे माणसाला उठवायचं. रात्रभर जागून, सामान उशाशी घेऊन पहाटे कुठे डोळा लागलेला असतो. शिवाय वाटप आहे असं दिसलं की माणसं एका जागेवरून दुसरीकडे येतात आणि दोनदा मोजली जातात. चादरी माझ्याकडे द्या, त्या निवाऱ्यात पोचवण्याची जबाबदारी माझी.


प्रेषक: सभासद, सॅन होजे
९ जानेवारी

नाव न घालता लिहिते आहे, समितीनं ही मेल पुढे पाठवावी.

मागच्या वर्षी साडेचार महिने मी आणि माझी दोन मुलं एका ओळखीच्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात राहत होतो. घर सोडावं लागलं त्याची कारणं इथे नकोत. गणपतीला मी मंडळात येत होते, साडी नेसून, मोदक घेऊन. कुणाला कळलं नाही आणि मीही कळू दिलं नाही. तुमच्या मोजणीत मी आले असते का?


प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
९ जानेवारी

ताई, लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार मानते. वेगळी मेल केली आहे, ती बघा.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही, आला नसता. हडच्या मोजणीत जो निवाऱ्यात आहे किंवा माणसानं झोपायच्या नसलेल्या जागी, म्हणजे गाडी, बाग, पडीक इमारत, स्टेशन अशा ठिकाणी आहे, तोच धरतात. दुसऱ्याच्या घरात नाइलाजानं राहणारा धरत नाहीत. पण शाळांचा कायदा वेगळा आहे. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात अशी मुलं बेघर धरतात, आणि म्हणूनच देशभरातल्या शाळांच्या नोंदीत बेघर मुलांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. नुसत्या मुलांची संख्या हडच्या सगळ्या माणसांहून जास्त! तुमच्या मुलांना त्या कायद्यानं हक्क होता : पत्ता बदलला तरी त्याच शाळेत राहण्याचा, शाळेपर्यंत नेण्या-आणण्याचा, कागदपत्रं अपुरी असतानाही प्रवेशाचा. दर शाळा-जिल्ह्यात यासाठी नेमलेला माणूस असतो. आपल्या या मेल-यादीवर आणखी कुणावर ही वेळ असेल तर शाळेत जाऊन विचारा, तुम्हाला तो हक्क आहे.


प्रेषक: सभासद, सनीव्हेल, वडिलांच्या वतीनं
१० जानेवारी

बाबा सध्या आमच्याकडे आलेत. त्यांनी हा पत्रव्यवहार वाचला आणि लिहायचंय म्हणाले. टंकन माझं, शब्द त्यांचे :

मंडळींना नमस्कार. मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. जनगणनेची ड्यूटी तीनदा केली. २०११ ला माझ्या वाट्याला बेघरांची रात्रही आली. २८ फेब्रुवारीची. त्या एका रात्रीत देशभरच्या बेघर लोकांची नोंद व्हायची होती. आधीच्या दिवसांत हिंडून जागा हेरून ठेवायच्या. रस्त्याकडेला, फूटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, फलाटावर, अगदी ह्यूम पाइपातसुद्धा राहणारे धरायचे, असं सूचनेत छापलेलं होतं. ह्यूम पाइप हा शब्द वाचून मला आधी खरं वाटलं नाही. मग पुलाच्या कामाशेजारी पाइपात राहणारं आख्खं कुटुंब भेटलं.

आमच्यात आणि तुमच्यात एक फरक दिसतो. तुम्ही उठवायचं नाही म्हणता. आम्हाला उठवावंच लागे. नाव, वय, जन्मगाव, लग्न, शिक्षण, भाषा, काम, सगळे रकाने भरायचे. मला फार संकोच वाटे. पण एक गोष्ट सांगतो. पुलाखाली एक बाई होती, जालन्याकडची. स्वतःचं नाव सांगितलं, नातीचं सांगितलं. मग म्हणाली, मुलाचंबी लिवा. मुलगा कुठं? तर कोल्हापूरकडं ऊसतोडीला. मी म्हणालो, बाई, तो जिथं आहे तिथं त्याची नोंद होईल. ती म्हणाली, "तिथं त्याला कोण नाव इचारतंय?"

मी लिहिलं नाही. नियमच तसा होता. पण ते वाक्य चौदा वर्षांत विसरलो नाही.

त्या गणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर निघाले. २००१ पेक्षा आकडा कमी झाला म्हणून बातमी आली. पण खेड्यांतला कमी झाला होता, शहरांतला ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला होता. आकडा फोडून बघितल्याशिवाय कळत नाही. कुपर्टिनोच्या चिरंजीवांना एवढंच सांगायचंय, की शंका घ्या आणि मोजायलाही जा.

मला येता येईल का? चालायला मी अजून खणखणीत आहे.


प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
११ जानेवारी

काका, नक्की या. तुम्ही माझ्या गटात.


प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
२ फेब्रुवारी

मंडळी, चौदाजण आलात. आपल्या गटात काय झालं ते लिहिते, बाकीच्यांनी आपापलं लिहावं.

काका, कुपर्टिनोचे दादा, मी आणि वाटाड्या. वाटाड्या साठीचा, इथल्याच शाळेत शिकलेला, सहा वर्षं गाडीत काढलेली. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं आम्हाला बघायला शिकवलं. उभ्या गाड्यांच्या रांगेत कुठली गाडी मुक्कामाची? काचांवर आतून वाफ धरलेली. चारी काचांना उन्हाचे पडदे, तेही पहाटे. मागच्या सीटवर छतापर्यंत कपडे. रोज कामावर जायच्या रस्त्यावर आम्ही अशा सात गाड्या नोंदवल्या. एक त्या हॉलच्या मागच्या आवारात होती, जिथे आपण गणपती बसवतो. तो हॉल मी नऊ वर्षं झाडून घेतलाय, मागच्या आवारात कधी गेले नव्हते.

ओढ्याच्या काठी एक तंबू होता. दाराशी बूट जोडीनं काढून ठेवलेले, जसे आपल्या घराबाहेर असतात. मोठा जोड, आणि शेजारी लहान जोड. मी थांबले. आत किती माणसं आहेत हे डोळ्यांनी दिसलेलं नव्हतं. वाटाड्या म्हणाला, 'तंबू' एवढंच नोंदव. अशा तंबूत सरासरी किती माणसं राहतात ते मुलाखतींतून काढतात आणि त्यानं गुणतात. काका काही बोलले नाहीत. दादांनीच ॲपमध्ये 'तंबू' टाकलं. मग आम्ही वाटाड्याला विचारलं, लहान मूल असलेल्या कुटुंबासाठी कुणाला कळवायचं. काउंटीची मदत-फोनची सोय आहे. त्यानं त्यांच्या बाहेरफिरतीच्या पथकालाही ठिकाण कळवलं. दुपारी पथक जाऊन आलं एवढं समजलं, पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायचंही नसतं.

वहिनी, चादरी पोचल्या.


प्रेषक: सभासद, कुपर्टिनो
२ फेब्रुवारी

ताईंच्या मेलला जोडून. घरी आल्यावर मी नकाशावर आपला भाग पुन्हा बघितला. रेल्वेच्या कडेची एक बोळ राहिली होती, कुंपणामागे. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. संयोजकांना कळवलं, त्यांनी दुसरा गट पाठवून ती करून घेतली. तीन माणसं होती.


प्रेषक: सेवा समिती, सनीव्हेल
सप्टेंबर २०२५

मंडळी, काउंटीचा आकडा आलाय. १०,७११. २०२३ पेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी जास्त.

त्यात ती बोळ आहे, हॉलमागची गाडी आहे, आणि तो तंबूही कुठल्यातरी गुणाकारातून आला असेल. पुढची रस्त्यावरची मोजणी नेमाप्रमाणे जानेवारी २०२७ मध्ये. काका, तुमच्याकडच्या जनगणनेची तारीखही जाहीर झाली आहे, १ मार्च २०२७.

२०२७ साठी नावं आत्तापासून घेते आहे. या वेळी नकाशे आधी मागवू आणि दिवसाउजेडी एकदा हिंडून येऊ, काका करायचे तसं.


प्रेषक: सभासद, सनीव्हेल, वडिलांच्या वतीनं
दुसऱ्या दिवशी

बाबांशी फोनवर बोललो. त्यांनी विचारलंय, लहान बुटांच्या जोडाचं पुढं काही कळलं का.