बेस हरवतो कुठे?

‘रॉक बँडच्या कार्यक्रमात दोन ड्रमर असले की बेस गिटार ऐकूच येत नाही, नुसती छातीत धडधडते’ ही तक्रार पटते, पण सगळा दोष ड्रमरांवर टाकू नका. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर साधारण 41 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 41 कंपनं, इतका खालचा सूर. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) धक्का त्याच्या जरा वर, आणि असे दोन किक एकमेकांच्या किंचित मागेपुढे पडले की खालचा सगळा भाग गढूळ होतो. त्यात बंद हॉल असेल तर विचारूच नका.

ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकन रॉक बँडचंच बघा. क्रॉइट्समन आणि हार्ट असे दोन ड्रमर, तरी बेसवाला फिल लेश कळायचा, कारण तो किकला चिकटून वाजवतच नसे. वरच्या सुरांत गिटारशी गप्पा मारत फिरायचा. 1974 च्या त्यांच्या त्या ‘वॉल ऑफ साउंड’ नावाच्या स्पीकरांच्या अवाढव्य भिंतीत तर त्याच्या प्रत्येक तारेचा आवाज वेगळ्या स्पीकरांतून काढायची सोय होती. (गंमत म्हणजे हार्ट 1971 मध्येच बाहेर पडला होता, त्यामुळे त्या वर्षी बहुतेक कार्यक्रमांत ड्रमर एकच!)

किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडने 2014 मध्ये तीन ड्रमर स्टेजच्या पुढेच बसवले, पण तिघांनी कामं वाटून घेतली होती.

आपल्या हातात काय? भिंत आणि कोपरे टाळा, आवाज जुळवायच्या मिक्सरच्या टेबलाच्या आसपास उभे राहा. ते काम करणारा माणूस तिथेच उभं राहून ऐकत असतो. आणि इयरप्लग घाला, झांजांचा कलकलाट कमी झाला की बेसची ओळ सापडते.