हो हो म्हणण्याचा त्रास

परदेशी भाषेच्या परीक्षेत उत्तम गुण असूनही तिथल्या यजमानांच्या घरी जेवताना त्यांचं बोलणं काही कळत नाही, हा कुणीतरी लिहिलेला अनुभव वाचून अगदी हायसं वाटलं! वर्गात एकच जण बोलतो, तोही सावकाश. इथे चौघं एकदम, तोंडात घास ठेवून.

माझी फजिती जर्मनची. यजमानीणबाईंनी ‘हाल्ब आख्ट’ला जेवायला बोलावलं. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. म्हणून मी ऐटीत साडेआठला खाली उतरले. ते निघालं साडेसात, म्हणजे आठाकडे जाणारा अर्धा तास! ताट झाकून ठेवलेलं, आणि माफीचं घोकलेलं वाक्य नेमकं आठवेना.

त्याहून वाईट म्हणजे न कळता ‘हो हो’ म्हणणं. वॉशिंग मशीनबद्दल काय सांगितलं होतं, ते स्वेटर आटल्यावर कळलं. आता सरळ पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा विचारताना कान तापतात, ते वेगळं.