अक्षर शोधायला अजून लूपच का लिहायचा?

खटपट्या: सी भाषेच्या प्रात्यक्षिकात प्रश्न ठरलेला: स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, अमुक अक्षर आहे का ते शोधा, लायब्ररीतलं तयार फंक्शन न वापरता, हातानं लूप लिहून. का बुवा? अक्षर शोधणारं तयार फंक्शन स्ट्रसीएचआर (strchr) सी भाषेच्या १९८९ च्या एएनएसआय प्रमाणापासून आहे. अक्षर सापडलं तर त्या जागेचा पॉइंटर (पत्ता), नाहीतर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. त्यातून स्ट्रिंगची सुरुवात वजा केली की इंडेक्स मिळाला. मुलं लूपच्या अटीत लांबी मोजणारं स्ट्रलेन (strlen) टाकतात, म्हणजे दर फेरीला अख्खी स्ट्रिंग पुन्हा मोजायची! सोडा हा हट्ट.

अर्धविराम: साफ असहमत. स्वर मोजायचा प्रोग्राम घ्या. पाच स्वरांची स्ट्रिंग, त्यात स्ट्रसीएचआरने चालू अक्षर शोधायचं. दिसायला झकास. पण चालू अक्षर शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंगचा शेवट दाखवणारी खूण, असेल तर? हे फंक्शन शेवटचा शून्यही स्ट्रिंगचाच भाग धरतं. नल येत नाही, आणि फुकटचा एक स्वर वाढतो. ज्यानं लूप हातानं लिहिलाय त्याला शून्यापाशी काय करायचं हा विचार करावाच लागतो.

खटपट्या: हा नियम मॅन पेजवर, म्हणजे फंक्शनच्या माहितीपानावर, लिहिलेला आहे. वाचायला शिकवा की! शिवाय लिनक्सवरची सीची लायब्ररी जीलिबसी (glibc) एका दमात १६ किंवा ३२ बाइट तपासते. तुमचा लूप बसलाय एकेक मोजत.

अर्धविराम: प्रात्यक्षिकात वेग मागितलाय कुणी? आणि सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कवरून, वाचलेल्या बफरला (डेटा साठवायच्या जागेला) शेवटी शून्य नसतोच. तिथे तुमचं स्ट्रसीएचआर बफरच्या बाहेर भटकेल.

खटपट्या: तिथे मेमसीएचआर (memchr) वापरा, त्याला लांबी देता येते. शून्याची वाट बघणारा लूपही तिथे भटकणारच.

शेवटचीबाइट: भांडा खुशाल, पण एकदा मराठी मजकुरावर चालवून बघा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'क' तीन बाइटचा. एकेरी अवतरणात लिहून स्ट्रसीएचआरला दिला तर जीसीसी हा कंपायलर नुसता इशारा देतो आणि शोध एका बाइटचाच होतो. एकेक बाइट बघणाऱ्या लूपचंही तेच रडगाणं. 'क' दुहेरी अवतरणात घालून, स्ट्रिंगमध्ये स्ट्रिंग शोधणाऱ्या स्ट्रस्ट्रनं (strstr) शोधा, बरोबर सापडतो.

अर्धविराम: सापडतो, पण 'क्ष' मधलाही सापडतो! कारण तो क, हलन्त आणि ष असा नऊ बाइटचा. तो गाळायचा तर पुढच्या बाइट बघायला लूपच लागेल ना?

खटपट्या: लूप कशाला? सापडलेल्या जागेपुढे हलन्त आहे का, तेवढं ठरावीक बाइट ताडून बघणाऱ्या स्ट्रएनसीएमपीनं (strncmp) तपासा.

अर्धविराम: आणि 'क्ष' नंतर सुटा 'क' असेल तर? पुन्हा पुन्हा स्ट्रस्ट्र कशात घालणार?