लेबल नसलेल्या ‘जैविक’ औषधात काय आहे, कुठे तपासू?

तासगावकर: दुकानातून फुलकिड्यांसाठी ‘निमयुक्त’ म्हणून बाटली मिळाली. त्यावर घटकच छापलेले नाहीत. कडेच्या वेलींवर मारलं तर किडे तासाभरात पटापट खाली. कडुनिंब इतक्या लवकर मारत नाही! माझी द्राक्षं युरोपला जातात. नको त्याचा अंश निघाला तर अख्खा प्लॉट बाद होईल. कुठली लॅब सांगेल?

लॅबवाला_पुणे: ‘यात काय आहे ते सांगा’ म्हणून नमुना पाठवू नका, कोणीच नीट घेणार नाही. कीटकनाशकांची एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस (नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रांवरच्या), दोन्ही तपासण्या मागा. ही यंत्रं ठरलेल्या यादीतलीच द्रव्यं शोधतात, त्यामुळे यादीबाहेरचं असेल तर रिपोर्ट कोरा येतो. पैसे भरण्याआधी यादी मागवा. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, अबामेक्टिन ही कीटकनाशकं त्यात हवीतच. आणि हे तीव्र द्रावण आहे, फळ नव्हे, हे आधीच कळवा. नाहीतर यंत्र खराब होतं. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) साइटवर लॅबचा ‘स्कोप’, म्हणजे कोणत्या तपासण्यांना मान्यता आहे ते, बघता येतो.

शेतकरी_मिरज: खाजगी रिपोर्ट तुमच्या माहितीपुरता. दुकानदारावर कारवाई हवी असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली निरीक्षकानेच नमुना घ्यावा लागतो. तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बिल जपून ठेवा.

तासगावकर: बिल आहे. उद्याच तक्रार देतो. फवारलेल्या वेलींचा माल वेगळा काढणार, निर्यातीत एक घडही जाऊ देणार नाही.